ड्राफ्ट हा न्याय नाही, मालकांची सोय आहे

डावखुरा
'आयपीएलचा लिलाव बंद करून एनबीएसारखा (अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग) ड्राफ्ट आणा' असा लेख परवा वाचला. ड्राफ्ट म्हणजे संघांनी पाळीपाळीने नवखे खेळाडू निवडायचे. तळाच्या संघाला आधी निवड मिळते, म्हणून ड्राफ्ट ही खेळातली सर्वांत न्याय्य पद्धत, असं त्यात ठणकावून लिहिलं होतं. खाली नुसती 'अनुमोदन'ची रांग. राहवलं नाही, म्हणून हा धागा.

न्याय कुणाला? एकोणीस-वीस वर्षांच्या पोराला कुठल्या गावात राहायचं, कुठल्या कोचच्या हाताखाली खेळायचं, पैसे किती मागायचे, यातलं काहीच ठरवता येत नाही. १९९४ मध्ये पहिल्या क्रमांकावर निवडलेल्या ग्लेन रॉबिन्सनने मिलवॉकीकडून दहा वर्षांचे ६ कोटी ८० लाख डॉलर वाजवून घेतले. मालकांच्या पोटात दुखलं आणि पुढच्याच वर्षी पहिल्या फेरीतल्या नवख्यांच्या पगाराचा तक्ता आला. तुम्ही कितव्या नंबरवर गेलात यावर पगार ठरणार, तुम्ही खेळता कसे यावर नाही. २०२३ ला पहिल्या क्रमांकावर निवडलेल्या वेम्बान्यामाला पहिल्या वर्षी सुमारे १ कोटी २० लाख डॉलर मिळाले. त्याच हंगामात मुरलेला स्टार स्टेफ करीला ५ कोटींहून जास्त. खुल्या बाजारात वेम्बान्यामासाठी संघांनी काय मोजलं असतं, याचा विचार करा.

आणि तळाला बक्षीस दिल्याने काय होतं ते फिलाडेल्फियात दिसलं. व्यवस्थापक सॅम हिंकीच्या काळात वरच्या निवडी मिळाव्यात म्हणून संघ मुद्दाम मोडला. २०१५-१६ ला ८२ पैकी १० सामने जिंकले. २०१४ ते २०१७ लागोपाठ चार वर्षं पहिल्या तिनात निवड मिळाली: एंबीड, ओकाफोर, सिमन्स, फुल्ट्झ. तरी एंबीड आणि सिमन्स एकत्र असेपर्यंत गाडी दुसऱ्या फेरीपुढे सरकली नाही.

अलामोवासी
डावखुरा, तुम्ही कुठल्या शहरात बसून लिहिताय माहीत नाही. मी सॅन अँटोनियोत राहतो. इथे समुद्र नाही, हॉलिवूड नाही, फुटबॉल-बेसबॉलचे मोठे संघही नाहीत. या शहराकडे आहे तो फक्त स्पर्स, आमचा एनबीए संघ. १९८७ ला डेव्हिड रॉबिन्सन, १९९७ ला टिम डंकन, २०२३ ला वेम्बान्यामा, तिघेही पहिल्या क्रमांकाने इथे आले. ड्राफ्ट नसता तर यातला एक तरी इकडे फिरकला असता का? आमच्या शेजारच्या मेक्सिकन आजी अजूनही डंकनची २१ नंबरची जर्सी घालून झाडांना पाणी घालतात. पाच अजिंक्यपदं बघितलीत त्यांनी. 'मालकांची सोय' हे त्यांना सांगून बघा.

मुद्दाम हरण्याबद्दल: वरचे क्रमांक लॉटरीने, म्हणजे सोडतीने ठरतात. २०१९ पासून तळाच्या तिन्ही संघांना पहिल्या क्रमांकाची सारखीच १४ टक्के शक्यता असते. पूर्वी शेवटच्याला २५ टक्के होती. डेट्रॉइट २०२३-२४ मध्ये सलग २८ सामने हरलं, अख्ख्या हंगामात १४ जिंकलं, आणि लॉटरीत मिळाला पाचवा नंबर. आता हरून फायदा कुठे राहिला?

चेंडूफळी
लॉटरी! डॅलसने फेब्रुवारी २०२५ मध्ये आपला स्टार डॉन्चिचला लेकर्सकडे धाडलं, आणि मे महिन्यात १.८ टक्के शक्यता असताना पहिला नंबर, म्हणजे कूपर फ्लॅग, त्यांनाच? १९८५ ला, सोडत पाकिटांतून निघायची तेव्हा, पहिल्या नंबरचा पॅट्रिक यूइंग न्यूयॉर्कलाच कसा गेला? न्यूयॉर्कचं पाकीट हाताला गार लागून ओळखू यावं म्हणून आधी गोठवून ठेवलं होतं म्हणतात. सगळं आतून ठरलेलं असतं.

रिबाउंड
पाकिटांचा जमाना कधीच संपला. आता यंत्रात १४ चेंडू असतात, त्यातले चार काढतात. एकूण १००१ गट होतात, त्यातले १००० संघांना वाटलेले असतात. आधी वीस सेकंद चेंडू घुसळतात, मग पहिला. पुढचे दहा-दहा सेकंदांनी. वेळ मोजणारा माणूस यंत्राकडे पाठ करून उभा असतो. खोलीतल्या सगळ्यांचे फोन काढून घेतात. १९९३ ला ऑर्लँडोची शक्यता ६६ मध्ये १ होती, तरी त्यांचाच नंबर लागला. शक्यता कमी म्हणजे शून्य नव्हे, एवढं तरी मान्य करा.

खडूस_मिडविकेट
अवांतर होईल, पण आयपीएलचा विषय डावखुऱ्यांनीच काढलाय. २००८ ला एकोणीस वर्षांखालच्या पोरांसाठी आयपीएलमध्ये ड्राफ्टच झाला होता, विसरलात? दिल्लीने घरचा कोहली सोडून प्रदीप सांगवान घेतला आणि कोहली बंगळुरूला गेला. ड्राफ्टमध्ये निवडणाऱ्याची अक्कल उघडी पडते. लिलावात सगळं पैशाखाली झाकलं जातं. टीव्हीवर माणसांची कांद्यासारखी बोली लावतात, हे मला कधीच बघवलं नाही.

यमुनापार
अहो मिडविकेट, दिल्लीकडे सेहवाग, गंभीर होते, फलंदाजीची ददात नव्हती. डावखुरा वेगवान गोलंदाज हवा होता, तो घेतला. मागाहून सगळेच शहाणे असतात. मी इथे राहून गेली कित्येक वर्षं हा टोमणा ऐकतोय.

खडूस_मिडविकेट
टोमणा नाही, नोंद आहे. गरज बघून घेतलं की हेच होतं. पोर्टलंडकडे जॉर्डनच्याच जागी खेळणारा ड्रेक्सलर होता, म्हणून १९८४ ला त्यांनी जॉर्डन सोडून सॅम बोवी घेतला.

यमुनापार
मग नियमच तसा हवा होता की घरचा पोरगा घरच्या संघाला! एनबीएत १९६५ पर्यंत होताच. पहिल्या फेरीचा हक्क सोडून जवळपासचा खेळाडू घेता यायचा. विल्ट चेंबरलेन कॅन्ससला शिकला, तरी फिलाडेल्फियाने शाळेच्या नात्याने त्याला १९५९ ला उचलला. दिल्लीला ती मुभा कुणी दिली? आणि एक विचारू का, तुम्ही मुंबईकर प्रत्येक धाग्यात दिल्लीवर का घसरता?

डावखुरा
दोघांनाही विनंती, भांडण आवरा. त्या ड्राफ्टमधला खरा बळी मला वेगळाच वाटतो. रवींद्र जडेजा राजस्थानकडे गेला. पुढे दुसऱ्या संघाशी परस्पर बोलणी केली म्हणून २०१० चा अख्खा हंगाम त्याच्यावर बंदी. विशी नुकतीच ओलांडलेल्या पोराने आपल्या कामाची किंमत विचारली, हा गुन्हा?

खडूस_मिडविकेट
करार मोडायला निघाला तर शिक्षा होणारच. जडेजा पुढे एवढा मोठा झाला म्हणून आज कळवळा येतोय. तुम्ही कधी संघ चालवलाय का? प्रत्येक पोरगा एजंट घेऊन दारोदार फिरायला लागला तर स्पर्धा चालेल?

डावखुरा
वैयक्तिक होऊ नका. संघ चालवला नाही, पण नोकरी केली आहे. पहिल्या नोकरीत 'तुमचा नंबर अमुक कंपनीत लागला, चार वर्षं तिथेच काढा' असं सांगितलेलं तुम्ही ऐकून घेतलं असतंत का?

नागपूरची_आई
इतका वेळ नुसती वाचत होते. माझी मुलगी बास्केटबॉल खेळायची. राज्याच्या निवड चाचणीला आम्ही रात्रीच्या बसने गेलो. सिमेंटचं मैदान, ऊन्ह असं की बुटाचा तळ चिकटत होता. छातीवर सेफ्टी पिनने लावलेला नंबराचा कागद घामाने फाटला, तर दुसरा मागायलाही ती घाबरत होती. ती फार तर पाच मिनिटं आत होती. समोर बसलेल्या गृहस्थांची मान तेवढ्या वेळात कागदावरून वर आली नाही. संध्याकाळी यादी लागली, त्यातल्या दोन मुली चाचणीला आल्याच नव्हत्या. विचारायला गेले तर 'मॅडम, आमचं ठरलेलं असतं'. तिने त्याच वर्षी खेळ सोडला.

तुम्ही पगाराच्या तक्त्यावर भांडताय. मला ड्राफ्टमध्ये दिसतं ते एवढंच की नाव सगळ्यांसमोर पुकारतात. पंजाबातल्या बल्लो के गावच्या सतनाम सिंगला डॅलसने २०१५ ला ५२ व्या क्रमांकावर घेतलं. एनबीएत तो एकही सामना खेळला नाही, हे ठाऊक आहे. पण कोणी घेतलं, कितव्या नंबरवर घेतलं, हे जगाला कळलं.

डावखुरा
ताई, वाचून वाईट वाटलं. निवड उघड व्हावी हा तुमचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण उघड निवडीला ड्राफ्टच कशाला हवा? तळाच्या संघांना नवख्यांवर खर्चायला जास्त पैसे द्या, सगळ्यांचे प्रस्ताव जाहीर करा आणि कुठे जायचं ते खेळाडूला ठरवू द्या. लहान शहरात कुणी येत नाही हेही खरं नाही. २०१५ ला नावाजलेला लामार्कस ऑल्ड्रिज करारातून मोकळा होता, त्याने सॅन अँटोनियोच निवडलं.

अलामोवासी
ऑल्ड्रिज आला तेव्हा डंकन अजून खेळत होता, संघ वर्षभरापूर्वी अजिंक्य ठरलेला होता. ते घर उभं राहिलं ड्राफ्टवर. पगाराचा तक्ता अन्यायाचा आहे, हे मी ओढूनताणून का होईना मान्य करतो. पहिल्या करारातून चाराऐवजी दोन वर्षांत पोरांना मोकळं करा, माझी ना नाही. पण पहिली निवड तळाच्या संघांच्या हातून काढून घ्यायला मी कधीच हो म्हणणार नाही.

डावखुरा
दोन वर्षं? चला, मग त्यावर बोलू. पण त्या दोन वर्षांतही पगार तक्त्याने नाही, बोलणी करून ठरला पाहिजे. हे मान्य आहे का ते सांगा.