खनिजावर कर राज्यांनी लावावा, हा निकाल तुम्हाला पटतो का?

चंद्रपूरकर
रॉयल्टी, म्हणजे खनिज काढण्याबद्दल खाणवाला देतो तो मोबदला, हा कर नव्हे, आणि खनिज हक्कांवर कर लावायचा अधिकार राज्यांचाच. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २५ जुलै २०२४ रोजी ८ विरुद्ध १ असा हा निकाल दिला आणि रॉयल्टीला कर मानणारा १९८९ चा इंडिया सिमेंट निकाल मोडीत काढला. मला तो मनापासून पटतो. कोळशाच्या रॉयल्टीचा दर दिल्लीत ठरतो, राज्याला तो वाढवता येत नाही. धूळ, मातीचे डोंगर आणि आटलेल्या विहिरी मात्र आमच्या वाट्याला.

वीजग्राहक
साफ असहमत. महाजनकोच्या, म्हणजे राज्याच्या सरकारी वीजनिर्मिती कंपनीच्या, केंद्रांना ओडिशा-छत्तीसगडचा कोळसा लागतो. उद्या तिथे कर वाढला तर आपलंच बिल वाढणार. न्या. नागरत्ना यांनी भिन्नमतात हेच बजावलंय: महसुलासाठी राज्यांची चढाओढ लागेल आणि खनिज विकासाची देशभराची घडी विस्कटेल.

चंद्रपूरकर
बहुमताचा निकाल पूर्ण वाचा. राज्यघटनेच्या राज्यसूचीतल्या नोंद ५० खालच्या या अधिकारावर संसद कायदा करून मर्यादा घालू शकते, असं त्यातच म्हटलंय. म्हणजे केंद्राच्या हातात लगाम आहेच. फक्त १९५७ च्या खाण कायद्यात तशी मर्यादा नाही, एवढंच.

वीजग्राहक
आणि मागची वसुली? १४ ऑगस्टच्या आदेशाने राज्यांना या कराची १ एप्रिल २००५ पासूनची थकबाकी मागायची मुभा दिली. इतकी वर्षं इंडिया सिमेंटवर विसंबून ज्यांनी मालाचे भाव ठरवले, त्यांनी काय करायचं? हा अन्यायच आहे.

चंद्रपूरकर
२००४ च्या केसोराम निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने रॉयल्टी कर नाही असं म्हटलंच होतं. कंपन्या गाफील नव्हत्या. शिवाय निकालाआधीच्या काळाचं व्याज आणि दंड माफ, हप्ते १ एप्रिल २०२६ पासून बारा वर्षांत. याहून सवलत काय द्यायची?

एटापल्लीचा
तुमचं दिल्ली विरुद्ध मुंबई चाललंय. गडचिरोलीतल्या सूरजागडचं लोहखनिज आमच्या डोंगरातून जातं. उद्या महाराष्ट्राने कर लावला तर तो राज्याच्या तिजोरीत जाईल, गावाला काय? खाण कायद्याच्या २०१५ च्या दुरुस्तीने खाणग्रस्त भागांसाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठान आलं, खाणवाले रॉयल्टीच्या प्रमाणात त्यात पैसे भरतात. नव्या कराचा ठरावीक वाटाही कायद्यातच तसा बांधून द्या आणि खर्च ग्रामसभेला विचारून करा. आमचा भाग राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतला, म्हणजे आदिवासी क्षेत्र आहे.

वीजग्राहक
ही अट कायद्यात असेल, तर बिलात थोडी वाढ मी सोसेन. मागच्या वसुलीला मात्र माझा विरोध कायम.