होमस्कूलिंग सुरू करायचंय, पण पहिल्या दिवशी नेमकं काय करायचं?

रेवाची_आई:
नमस्कार मंडळी. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा साडेपाचचा. पुढच्या वर्षीपासून दोघांना घरीच शिकवायचं असं आम्हा नवराबायकोचं जवळपास ठरलंय. मुलीला शाळेत त्रास असा काही नाही, मार्कही चांगलेत, पण आधी ही पोरगी ढग खाली का पडत नाही यावरून अर्धा तास डोकं खायची आणि आता काहीही सांगायला गेलं की पहिला प्रश्न "हे परीक्षेला आहे का?" ते ऐकलं की पोटात गलबलतं हो. तर मी टाइमटेबल बनवलंय, सकाळी आठ ते दोन, सहा तास, फळा पण आणलाय. पुस्तकं कुठली घेऊ? आणि माझं स्वतःचं गणित बेताचंच आहे, तर जमेल का? ज्यांनी केलंय त्यांनी प्लीज सविस्तर लिहा.

निशिगंध:
ताई, आमची दोन्ही मुलं घरीच शिकली, म्हणून हक्काने सांगते, ते टाइमटेबल आत्ता बाजूला ठेवा. पुस्तकांची खरेदी पण थांबवा. शाळेतून निघालेल्या मुलाला आधी शाळा उतरवायला वेळ लागतो, याला डीस्कूलिंग म्हणतात, आणि शाळेत काढलेल्या दर वर्षामागे साधारण एक महिना असा ठोकताळा होमस्कूलिंगवाले धरतात. नियम नाही तो, पण घाई करू नका एवढं त्यातून घ्यायचं. या काळात रोज मोठ्याने वाचून दाखवा (नऊ वर्षांच्या मुलीला पण, वाचता येतं म्हणून थांबवायचं नाही), बाहेर भटका, आणि ती कशात रमते ते एका वहीत टिपून ठेवा. सुरुवातीला ती कंटाळा आला कंटाळा आला करेल, टीव्ही मागेल, तेव्हा लगेच वर्कशीट पुढे करू नका, कारण स्वतःहून काहीतरी शोधायची सवय त्या कंटाळ्यातूनच परत येते.

आणि सहा तास कशाला? शाळेतले सहा तास पस्तीस-चाळीस मुलांसाठी असतात, त्यात हजेरी, रांगा, गप्प बसा सगळं आलं. समोर एकच मूल असलं की लहानांना तास-दीड तास आणि तुमच्या मुलीला दोन-अडीच तास बसून अभ्यास पुष्कळ होतो. शार्लट मेसन नावाच्या ब्रिटिश शिक्षिका होत्या (१८४२ ते १९२३), त्यांचा आग्रहच होता की लहान मुलांचे धडे पंधरा-वीस मिनिटांचे ठेवा आणि एकदा वाचून झालं की प्रश्नोत्तरं न विचारता मुलालाच स्वतःच्या शब्दांत सांगायला लावा. हे फार सोपं वाटतं पण करून बघा, मधमाश्यांवरचं एक पान वाचायचं, पुस्तक मिटायचं आणि "आता तू सांग" म्हणायचं. मूल आधी अडखळतं, मग एखादी गोष्ट धरून बसतं, राणी माशी किती अंडी घालते वगैरे, आणि काय कळलं काय निसटलं ते तुम्हाला तिथेच दिसतं, वेगळी परीक्षा लागत नाही.

मंदार_प:
निशिगंधताईंशी सहमत, पण शाळेतून नाव काढायच्या आधी तुम्ही राहता तिथला कायदा बघा, हे सगळ्यात पहिलं. देशागणिक जमीन-अस्मानाचा फरक आहे. जर्मनीत शाळेत जाणं सक्तीचं आहे आणि घरी शिकवायला जवळजवळ परवानगीच नाही. अमेरिकेत १९९३ पासून पन्नासही राज्यांत कायदेशीर आहे, तरी न्यूयॉर्कमध्ये दर तीन महिन्यांनी रिपोर्ट द्यावा लागतो आणि टेक्सासमध्ये नोंदणीसुद्धा नाही. म्हणून कुणाच्या व्हिडिओवर विसंबू नका, मूळ नियम वाचा, काय कळवायचं ते लेखी कळवा आणि पोच जपून ठेवा. दाखला आणि जुनी प्रगतिपुस्तकं पण. कामाचे नमुने तारीख टाकून फायलीत लावा, उद्या परत शाळेत घालायची वेळ आली तर तेच उपयोगी पडतं. दहावीच्या पातळीच्या परीक्षेचा रस्ता पण आत्ताच बघून ठेवा, केंब्रिजची आयजीसीएसई खाजगी विद्यार्थी म्हणून देता येते, मात्र तशी मुलं घेणारं केंद्र आधी शोधावं लागतं.

रेवाची_आई:
बापरे, कायद्याचं डोक्यातच नव्हतं, आजच बघते. पण गणिताचं काय? आणि धाकट्याला अजून धड वाचता येत नाही, त्याचं टेन्शन आहे, सासूबाई रोज विचारतात.

निशिगंध:
साडेपाचला वाचता येत नाही यात काळजीचं काही नाही हो, फिनलंडमध्ये मुलं शाळेतच जातात ती सात वर्षांची होतात त्या वर्षी. सासूबाईंनाच रोज एक गोष्ट वाचून दाखवायला सांगा, त्या पण यात आल्या की विरोध आपोआप कमी होतो. हां, सात-आठपर्यंत अक्षरं ओळखताना सारखी गफलत होत असेल तर मात्र तज्ज्ञाला दाखवा, तिथे वाट बघत बसू नका.

गणिताचं म्हणाल तर या वयाला आधी हातात काहीतरी द्या. कागदाची पट्टी घ्या, मधोमध दुमडा, परत दुमडा, उघडा, चार भाग. आता त्यातले दोन रंगव म्हणायचं आणि तेवढीच दुसरी पट्टी एकदाच दुमडून शेजारी ठेवायची, दोन चतुर्थांश म्हणजे अर्धा हे मूल स्वतःच ओरडून सांगतं. पुढचं गणित तुम्ही तिच्याबरोबर शिका, अडलात तर तिच्यासमोरच पुस्तक उघडून शोधा. आठवीनंतर कुणी गणितवाला गाठा, सगळं आईनेच शिकवायचं असं कुठेय?

मंदार_प:
आणि दोघांना एकदम काढायलाच हवं असं नाही. धाकट्याला शाळा आवडत असेल तर राहू दे. मुलीला मात्र विचारा, नऊ वर्षांची आहे, मैत्रिणी सुटणार आहेत तिच्या. तिच्या मैत्रिणींना आठवड्यातून ठरलेल्या दिवशी घरी बोलवायचं आत्तापासूनच पक्कं करा.