शब्दचर्चा: गाण्याच्या मध्येच पट्टी बदलते त्याला मराठीत काय म्हणायचं?

मंडळी, एक शब्द हवाय. गाण्याचं शेवटचं ध्रुवपद अर्ध्या सुराने वर चढतं, किंवा कडव्यातून म्युझिक पीसमध्ये जाता जाता सूर दुसरीकडेच जाऊन बसतो आणि कानाला धक्का मात्र लागत नाही, ते मॉड्युलेशन. कीबोर्ड शिकणाऱ्या मुलांसाठी मराठीत टिपणं लिहितेय. "पट्टी बदलणे" चालेल का? क्लासमधले एक काका म्हणाले "मूर्च्छना" लिही.

---

मूर्च्छना नको, प्लीज. आज आपण तो शब्द वापरतो तेव्हा सूर तेच राहतात, फक्त सा दुसऱ्या सुरावर मानायचा. भूप रागाचे सा रे ग प ध घ्या आणि गंधाराला सा माना, त्याच पाच सुरांचा मालकंस होतो, पंचमाला मानलंत तर दुर्गा, धैवताला मानलंत तर धानी. एकही नवा सूर आणावा लागत नाही. कर्नाटक संगीतातला ग्रहभेद तो हाच. तुम्ही सांगताय त्यात चाल तीच ठेवून सगळं सप्तकच उचलून दुसरीकडे ठेवायचं असतं, म्हणून नवे सूर लागतात.

---

वरच्याशी सहमत, पण "पट्टी बदलणे" पण नुसतं लिहू नका ताई. गाणाऱ्यांत पट्टी म्हणजे गाणं सुरू व्हायच्या आधी ठरते ती, "माझी काळी चार, तुमची कुठली?" अशी, म्हणजे पेटीच्या सप्तकातली कितवी काळी किंवा पांढरी पट्टी सा मानायची ते. "स्केल चेंज" म्हटलं की पेटीवाल्याला आधी स्केलचेंजर पेटी आठवणार, म्हणजे बोटं तीच आणि कीबोर्ड सरकवून पट्टी वेगळी. मी तर शिकवताना "सा बदलणे" म्हणतो, मुलांना लगेच कळतं, कारण खरंच तेवढंच होतं, जुन्या एखाद्या सुराला नवं नाव मिळतं आणि कान ते कबूल करतो.

आणि शब्दासोबत ते कसं होतं हेही लिहाच, त्याशिवाय शब्द कोरडा राहील. समजा गाणं पांढरी एकमध्ये आहे आणि पांढरी पाचवर जायचंय. दोन्हीकडचे सातपैकी सहा सूर सामाईक, फक्त म तीव्र (अर्ध्या सुराने वर) करायचा. मग तीव्र म वरून प वर येणारी जागा दोनदा घ्या, खाली रे, तीव्र म, ध असा कॉर्ड (एकत्र वाजवलेले सूर) धरा, तोच प आता सा वाटायला लागतो. हे सोपं. अवघड आहे ते पांढरी एकवरून काळी एकवर जाणं, जे सिनेमातल्या गाण्यात शेवटी करतात, कारण तिथे सामाईक सूर दोनच, जुना सा आणि जुना म. पण गंमत बघा, जुना सा हा नव्या पट्टीतला शुद्ध नी आहे, आणि नी ला वरच्या सा ची ओढ असतेच! म्हणून गाणाऱ्याने सा लांब धरून ठेवायचा आणि त्याच्याखाली काळी चार, पांढरी एक, काळी दोन, काळी तीन असा कॉर्ड बदलायचा की तो सा आपोआप काळी एककडे ओढला जातो. काहीच तयारी न करता थेट वर उडी मारतात तेही चालतं, जोर येतो त्याने, पण सहज बदललं असं त्याला म्हणता येणार नाही.

---

खूप आभार दादा, "सा बदलणे"च घेते, आणि मधल्या सुराला "सामाईक सूर" लिहीन. पण मग आपल्याकडे यासाठी जुना शब्द का नाही?

---

तानपुरा सुरू असताना सा हलवायचा कुठे? मैफलीत सा एकच राहतो, म्हणून गरजच पडली नसावी असं मला वाटतं. ठुमरीत, नाट्यपदात मध्यमाला सा धरून थोडा वेळ गातात, पण परत मूळ सा वर यायचंच असतं. टिपणांत तबल्याचंही एक वाक्य घाला ताई. दायाँ, म्हणजे उजव्या हाताचा तबला, सा ला मिळवलेला असतो, गाणं अर्ध्या सुराने वर गेलं की तो बेसूर वाजतो आणि बाकी सगळं कितीही छान बदललेलं असो, कान तिथेच अडकतो. स्टेजवर दुसरा तबला आधीच मिळवून ठेवा, नाहीतर त्या ठिकाणापुरता दायाँ थांबवून ढोलक किंवा पॅडवर न्या.