फ्लॅटमध्ये मीडियम वेव्ह आणि लाँगवेव्हसाठी कोणता अँटेना घ्यावा? (नागपूर)

पहाटश्रोता:
नमस्कार मंडळी. मनीषनगरला तिसऱ्या मजल्यावर राहतो. गच्ची वापरता येते, पण तिथे कायमचं काही बांधायला परवानगी नाही. रेडिओ पोर्टेबल आहे, त्यात लाँगवेव्हचा बँड आहे. खिडकीतून १० मीटर वायर सोडून अँटेनाच्या सॉकेटला लावली, तर मीडियम वेव्हवर काडीचा फरक नाही. तीच वायर रेडिओभोवती गुंडाळली की केंद्राआधी खरखरच वाढते. वायर आणखी लांबवू, की लूप (चौकटीवर वायर गुंडाळून केलेला अँटेना) करू? खर्च दोन हजारांच्या आत बसवायचा आहे.

वेढा_अन्_गँग:
लूप करा. बऱ्याच पोर्टेबल सेटमध्ये ते सॉकेट फक्त शॉर्टवेव्हला जोडलेलं असतं, मीडियम वेव्ह आतल्या फेराइट रॉडवरच, म्हणजे वायर गुंडाळलेल्या काळ्या चुंबकीय दांडीवरच चालते. म्हणून फरक पडला नाही. आणि इमारतीला लागून लोंबणारी वायर केंद्राइतकाच घराघरातल्या चार्जरांचा कचराही गोळा करते. ती लांबवली तर दोन्ही सारखेच वाढतील, हाती काही लागणार नाही.

लाकडी पट्ट्यांची ६० सेंमी बाजूची चौकोनी चौकट करा. तिच्यावर प्लास्टिकचं आवरण असलेल्या वायरचे १२ वेढे, दोन वेढ्यांत ५ मिमी अंतर ठेवून. जवळपास २९ मीटर वायर लागते, ३० घ्या. वायरची दोन्ही टोकं ३६५ पिकोफॅरडच्या हवेच्या गँगला, म्हणजे दांडा फिरवून क्षमता कमी-जास्त होणाऱ्या पत्त्यांच्या कपॅसिटरला जोडा. बस, एवढंच. रेडिओला कसलीही वायर जोडायची नाही. रेडिओ चौकटीजवळ असा ठेवा की आतला फेराइट रॉड चौकटीच्या पृष्ठभागाला काटकोनात येईल, मग केंद्र लावून गँग हळूहळू फिरवा. ट्यूनिंग जुळलं की आवाज एकदम उसळतो. जुळण्याची जागा अगदी अरुंद असते, म्हणून गँगला मोठी घुंडी लावा.

या मापात सुमारे ५५० ते १६०० किलोहर्ट्झ मिळतात. त्याखाली ५३१ पर्यंत उतरायचं तर स्विचमधून ४७ पिकोफॅरडचा कपॅसिटर गँगला समांतर जोडा. वरचं टोक १४०० च्या आसपासच अडकत असेल तर वेढे फार चिकटून बसलेत, अंतर वाढवा किंवा एक वेढा काढा. खिशातल्या ट्रान्झिस्टरमधला प्लास्टिकचा छोटा गँग नको. त्याची क्षमता कमी, त्यामुळे खालची केंद्रं निसटतात, आणि ट्यूनिंगची धारही बोथट होते.

पहाटश्रोता:
आणि दिशा? ५८५ ला आपलं नागपूरच एवढं जोरात आहे की शेजारचं ५९४ पार दबून जातं.

वेढा_अन्_गँग:
इथेच लूप वायरच्या पुढे जातो. चौकटीची कड ज्या दिशेला, तिकडचं केंद्र जोरात, आणि चौकटीचं तोंड ज्या दिशेला, तिकडचं पडतं. म्हणून जोर शोधत बसू नका, ५८५ सगळ्यात क्षीण होईल अशा कोनात चौकट फिरवा. हा कोन फार अरुंद असतो, दोन-चार अंशांनी हुकला की गेला. मग चौकट न हलवता ५९४ लावा. ते कोलकात्याजवळच्या चिनसुऱ्याचं, म्हणजे आपल्या पूर्वेला. तुमच्या घरापासून ५८५ चा टॉवरही पूर्व-पश्चिम रेषेतच पडत असेल तर मात्र दोन्ही सोबतच पडतील, तिथे इलाज नाही.

आपल्या शहराची जागा या कामाला फार सोयीची आहे. दिल्ली उत्तरेला, हैदराबाद दक्षिणेला, जवळजवळ एका रेषेत. मुंबई आणि कोलकाता साधारण पूर्व-पश्चिम रेषेत. चौकट काटकोनात फिरवली की एक जोडी वर येते, दुसरी खाली जाते. हे दुपारी स्थानिक केंद्रावर करून हात बसवा. रात्री दूरचा सिग्नल आकाशातून वेगवेगळ्या कोनांतून येतो, त्यामुळे केंद्र दबवण्याची जागा सरकत राहते.

काळी_माती:
लांब वायरची बाजूही मांडतो, कारण गावाकडे मोकळं शेत असेल तर तिला तोड नाही. ३० मीटर वायर आणि ९:१ ट्रान्सफॉर्मर घ्या. बीएन-७३-२०२ या दोन भोकांच्या फेराइटवर अँटेनाकडे १५ वेढे, रेडिओकडे ५ वेढे. मीडियम वेव्हपुरतं ९ आणि ३ पुरतात, पण लाँगवेव्हला ते कमी पडतात. दोन्ही वाइंडिंग वेगळी ठेवा, एकमेकांना जोडू नका, नाहीतर कोअॅक्सच्या (रेडिओकडे जाणाऱ्या केबलच्या) जाळीवरून घरातला गोंगाट थेट अँटेनात जातो. अर्थिंगही घराच्या अर्थिंगपासून वेगळं. दीड-दोन मीटरची सळई ट्रान्सफॉर्मरजवळच ठोका. आपली काळी माती पावसाळ्यात उत्तम, पण मे महिन्यात भेगाळते, सळई सुटी पडते आणि अर्थिंग नावापुरतं उरतं. उन्हाळ्यात तिथे रोज बादलीभर पाणी ओता. आणि ढग गडगडायला लागायच्या आधी वायर रेडिओपासून काढून बाहेर टाका.

फ्लॅटवर मात्र यातलं काही होत नाही. तिथे लूपच.

रात्रपाळी_९किलोहर्ट्झ:
आधी गोंगाट शोधा, मग लाकूड कापा. रेडिओ बॅटरीवर ठेवा, रिकाम्या फ्रिक्वेन्सीवर लावा आणि घरातली मेन बंद करा. खरखर थांबली तर चोर घरातच आहे. एकेक एमसीबी चालू करत जा. बहुतेक वेळा एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर सापडतात. उन्हाळ्यात कूलर-पंख्यांचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, ती एकसुरी गुरगुर. मेन बंद करूनही आवाज तसाच असेल तर तो शेजारचा. लूपचं तोंड त्या भिंतीकडे करा.

तयार लूप घ्यायचा विचार असेल तर एमएलए-३० प्लस तुमच्या बजेटच्या आसपास मिळेल. पण त्याचा पल्ला ५०० किलोहर्ट्झपासून सुरू होतो, लाँगवेव्हवर भरवसा नको. शिवाय त्याला बाहेरच्या अँटेनाचं सॉकेट मीडियम वेव्हवर चालणारा रेडिओ लागतो, तुमचा बहुधा तसा नाही. घेतलाच तर पॉवर बँकवर चालवा, चार्जरवर नाही.

पहाटश्रोता:
लाँगवेव्हसाठी त्याच चौकटीवर जमेल का?

वेढा_अन्_गँग:
वेगळी गुंडाळी लागेल. ६० सेंमीचीच चौकट, पण ४० वेढे, अंतर २ मिमी, वायर जवळपास ९६ मीटर. गँगला १०० पिकोफॅरड समांतर जोडला की १६० च्याही खाली जाता येतं. भारतात लाँगवेव्हवर प्रसारण केंद्र नाही. लक्ष्य १६४ किलोहर्ट्झचं उलानबातर, साडेतीन हजार किलोमीटरांहून दूर. डिसेंबर-जानेवारीत अंधार पडल्यावर प्रयत्न करा, जूनमध्ये विजांच्या कडकडाटापुढे काही टिकत नाही. २०० ते ४०० मध्ये विमानांना दिशा दाखवणाऱ्या विमानतळांच्या बीकनची मोर्समधली ओळखअक्षरं ऐकू येतात, लूप चालतोय की नाही हे तपासायला ती चांगली.

पहाटश्रोता:
ठरलं, ६० सेंमीची चौकट. गँग इतवारीत जुन्या रेडिओंच्या भंगारात बघतो.

वेढा_अन्_गँग:
मल्टिमीटर घेऊन जा भाऊ. कंटिन्युइटीवर ठेवून स्थिर पत्ते आणि दांडा यांना टोकं लावा, मग गँग पूर्ण एक फेरी सावकाश फिरवा. कुठेही बीप आली तर त्या जागी पत्ते चिकटताहेत. दुकानातच उजेडाकडे धरून वाकलेला पत्ता शोधा. एखादाच असेल तर ब्लेडच्या टोकाने सरळ होतो. दोन-तीन असतील तर दुसरा गँग घ्या.