झऱ्याचं वाहतं पाणी की टाकीत फिरवलेलं? (ट्राउट, लांजा)

पोफळीखाली
नमस्कार मंडळी. लांज्याजवळ आमचं आगर आहे. वर कातळाच्या कडेला बारमाही झरा, तिथून पाटाने पाणी पोफळींना येतं. भाचा हिमाचलात कुलूला जाऊन पतलीकुहलचे ट्राउटचे, म्हणजे थंड पाण्यातल्या माशाचे, हौद बघून आला. एका तोंडाने थंड पाणी आत, दुसऱ्याने बाहेर. तेव्हापासून त्याने धोशा लावलाय. ओळखीतला एकजण मात्र पाणी गाळून परत फिरवणाऱ्या टाक्या, म्हणजे आरएएस, घ्या म्हणतो. झरा जोरदार आहे, गणपतीत २० लिटरची बादली ४ सेकंदांत भरली होती. काय करू?

दापोलीचा मासेवाला
दादा, ट्राउट आधी डोक्यातून काढा. त्याला १० ते १६ अंशांचं पाणी लागतं. २०-२१ च्या वर तो खाणं सोडतो, २५ ला जगणं कठीण. तुमच्या झऱ्याचं पाणी हाताला गार लागेल, पण थर्मामीटर घाला, २६-२७ दाखवेल. शिवाय पाणी जितकं कोमट तितका त्यात ऑक्सिजन कमी मावतो: १० अंशांना लिटरमागे ११ मिलिग्रॅम, २८ ला पावणेआठ.

मी फिरत्या पाण्यात तिलापिया वाढवायचो. ३ जून २०२०, निसर्ग वादळ. दुपारी वीज गेली, जनरेटर सुरू केला, आणि तासाभरात फणस मोडून नेमका त्याच्या शेडवर. पाणी हलायचं थांबलं. अर्ध्या तासात टाकीभर नुसती तोंडं, सगळी वर, आ वासलेली. मी आणि बायको बादलीने टाकीतलंच पाणी उपसून उंचावरून परत ओतत राहिलो, हात भरून येईपर्यंत. संध्याकाळी सहाशे किलो मासे उलटे तरंगत होते. आमच्याकडे वीज अठरा दिवसांनी आली. आरएएस वाईट नाही, पण दुसरा जनरेटर आणि ऑक्सिजनचं सिलिंडर नसेल तर घेऊ नका.

वाहत्या पाण्याला वीज नको, पण झरा गणपतीत मोजून चालत नाही. आत्ता वैशाखात मोजा आणि आकडा इथे टाका.

गुहागरची ताई
आरएएसबद्दल एक भर. आपलं जांभ्यातलं पाणी मऊ, त्यात क्षार नाहीत. मासे पाण्यात अमोनिया सोडतात; फिल्टरमधले जिवाणू त्याचं नायट्रेट करताना हेच क्षार खातात, मग पीएच धाडकन खाली येतो आणि फिल्टर झोपतो. मी किलोभर खाद्यामागे पाव किलोच्या आसपास खाण्याचा सोडा टाकते. हा खर्च विकणारा सांगत नाही.

पोफळीखाली
आज सकाळी मोजलं. तीनदा. २० लिटरला २६ सेकंद. पाणी २७ अंश. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू.

दापोलीचा मासेवाला
वाईट वाटून घेऊ नका, बारमाही झरा आहे हेच मोठं. हिशेब करू. दिवसाला साधारण ६६ हजार लिटर. आत येताना लिटरला ७ मिलिग्रॅम ऑक्सिजन, बाहेर जाताना निदान ४ राहायला हवा. मधल्या ३ चे दिवसाला २०० ग्रॅम. किलोभर खाद्य पचवायला मासा पाव किलोहून जास्त ऑक्सिजन घेतो, म्हणजे रोज पाऊण किलो खाद्य. वजनाच्या २ टक्के धरलं तर चाळीस किलोच्या आत मासे. भाच्याला हेही सांगा: हजार लिटर २७ वरून १४ वर आणायला चिलरला, म्हणजे पाणी गार करणाऱ्या यंत्राला, ५ युनिट तरी लागतात. तुमचा झरा गार करायचा तर रोज सव्वातीनशे युनिट.

मी असतो तर पाटावर, पोफळींच्या आधी, एकच हौद बांधला असता. बाहेर पडणारं खताचं पाणी झाडांनाच जातं. मृगाला लाल गढूळ पाणी येतं, गाळ कल्ल्यांत बसतो, म्हणून आधी एक गाळाचा खड्डा घ्या. जिताडा मला फार आवडतो, पण त्याची बोटुकली एकमेकांना खातात, सुरुवातीला नको. गिफ्ट तिलापिया (तिलापियाची सुधारित जात) घ्या, मात्र मत्स्य विभागाची परवानगी आधी. आणि बाहेरच्या तोंडाला दुहेरी जाळी लावाच. तो मासा पऱ्यात, म्हणजे ओढ्यात, सुटला तर नदीत जाईल, आणि मग तिथून कोणी काढू शकत नाही.

पोफळीखाली
पऱ्या खाली काजळी नदीलाच मिळतो. जाळी आधी, मासे नंतर. भाचा आत्ता गाळाच्या खड्ड्याची जागा बघायला वर गेलाय.