काउबॉय मॅच: दुकानात जाण्याआधी विचारून घेतो

प्रेषक: चँडलरकर

नमस्कार मंडळी,

ऊन उतरलं की व्हॅलीतल्या (फिनिक्स परिसरातल्या) महिन्याच्या काउबॉय मॅचमध्ये, म्हणजे जुन्या पद्धतीच्या बंदुकांनी पोलादी प्लेटा मारायच्या स्पर्धेत, भाग घ्यायचं आम्हा चौघांचं ठरतंय. खरेदीची यादी अशी: .४५ कोल्टची दोन रिव्हॉल्व्हर आणि त्याच कॅलिबरची विंचेस्टर १८९२ पद्धतीची लिव्हर (चापाजवळचा दांडा ओढून चालवायची) रायफल. शॉटगन नवी घेणार नाही. एकाकडे क्ले शूटिंगची ओव्हर-अंडर (एकावर एक नळ्या असलेली) पडून आहे, तीच आलटूनपालटून वापरू. काडतुसं मिळतील ती स्वस्तातली. यात काही चुकतंय का? बघायला आणखी दहाबारा जण येतील. दोघांचे आईवडील सध्या इकडेच आहेत, तेही.

---

प्रेषक: ग्लेनडेलकर

चँडलरकर, दोन गोष्टी बाद आणि तिसरीवर वाद. बरं झालं आधी विचारलंत.

ओव्हर-अंडर चालत नाही. हा खेळ १८९९ च्या आतल्या हत्यारांचा, म्हणजे हल्ली बहुतेक इटलीत बनणाऱ्या त्यांच्या नकलांचा. शॉटगन कोणती? शेजारी-शेजारी नळ्या असलेली दुनळी, विंचेस्टर १८९७ सारखी बाहेर घोडा असलेली पंप, किंवा १८८७ ची लिव्हर. दुनळीला ऑटोमॅटिक इजेक्टर नको. दुकानात ते असं ओळखा: दोन्ही नळ्यांत स्नॅप कॅप (खोटी काडतुसं) घाला, दोन्ही चाप ओढा, मग बंदूक मोडा, म्हणजे बिजागरीवर उघडा. कॅप नुसत्या वर सरकल्या तर एक्स्ट्रॅक्टर, टुणकन बाहेर उडाल्या तर इजेक्टर. चाप न ओढता मोडलीत तर इजेक्टरवालीही गरीब गाय वाटते आणि इथेच लोक फसतात.

काडतुसं ‘मिळतील ती’ नकोत. बुलेट शिशाची हवी. तांब्याचं जॅकेट, तांब्याचा मुलामा, दोन्ही बंद. पॉलिमरचा रंगीत लेप चालतो. समोर पोलादी प्लेट असते, रिव्हॉल्व्हरची तर सात ते दहा यार्डांवर, म्हणून वेगालाही मर्यादा आहे. रिव्हॉल्व्हरला सेकंदाला १००० फूट, रायफलला १४०० फूट. खालची हद्दही आहे: निदान ४०० फूट वेग, आणि ग्रेनमधलं (बुलेट आणि पावडर तोलायचं बारीक माप) बुलेटचं वजन गुणिले वेग भागिले १००० हा आकडा ६० च्या खाली नको. १०५ ग्रेनची बुलेट ६०० फुटांनी गेली तर ६३, म्हणजे जेमतेम पास. शॉटगनला शिशाचे छर्रे, चार नंबरपेक्षा जाड नाहीत (नंबर मोठा तसा छर्रा बारीक). साडेसात किंवा आठ नंबरचं हलकं काडतूस घ्या. पुंगळी गुळगुळीत प्लास्टिकची बघा. उभ्या रेघा असलेली नळीत अडकून बसते आणि ती नखाने ओढताना तीन सेकंद जातात.

आता .४५. नव्याने सुरू करणाऱ्याने .३८ स्पेशल घ्यावं हे माझं ठाम मत. धक्का कमी, शिसं कमी, खर्च कमी. .४५ कोल्टची पुंगळी मुळात ४० ग्रेन काळी दारू मावावी म्हणून बनलेली. आज तिच्यात धूरविरहित पावडर पडते पाच-सात ग्रेन. ती पुंगळीच्या तळाशी कुठेतरी लोळत राहते. काडतूस आडवं धरलं की एकीकडे, उभं केलं की दुसरीकडे, आणि दर गोळीचा वेग निराळा.

---

प्रेषक: मेसाकर

ग्लेनडेलकर काकांशी .४५ वर माझं भांडण जुनं आहे, ते इथे नको. पण घरी काडतुसं भरणाऱ्यांसाठी एक भर: मोठ्या पुंगळीचा खरा धोका दुबार भरण्याचा. पाच ग्रेनच्या जागी चुकून दहा पडली तरी पावडर वर येत नाही, उतू जात नाही, डोळ्याला काही कळत नाही. .३८ मध्येही हे होतंच, तीन ग्रेनच्या जागी सहा सहज मावतात. म्हणून पन्नास पुंगळ्यांचा ठोकळा बुलेट बसवण्याआधी टॉर्च मारून एकेक बघायचा. पावडर किती, हा आकडा मात्र पावडर कंपनीच्या मॅन्युअलमधूनच घ्या, माझ्याकडून किंवा इथल्या कुणाकडूनही नको.

पावडर अजिबात न पडणं हा उलटा प्रकार. नुसत्या प्रायमरने (काडतुसाच्या बुडातली, ठिणगी देणारी टोपी) बुलेट नळीत अर्ध्यावर जाऊन बसते. आपल्याकडे ज्याला फुसका बार म्हणतात तोच हा, अक्षरशः. आवाज दबका, झटका नाही, प्लेटही वाजत नाही. त्या क्षणी हात थांबला पाहिजे. मागून दुसरी गोळी गेली की नळी फुगते. टाइमरवाला (शेजारी घड्याळ घेऊन उभा असलेला) ‘थांब’ म्हणाला की हुज्जत नाही.

रायफलीबद्दल: १८९२ भक्कम आहे यात शंका नाही, पण या खेळात बहुतेक जण त्याआधीची विंचेस्टर १८७३ ठेवतात. लिव्हर हलकी आणि काडतूस वर उचलणारा ठोकळा सरळ वर जातो, तिरका नाही. तिची एकच खोड, तिला काडतुसाची लांबी नेमकी लागते. नळीखालच्या ट्यूबमधून काडतूस ठोकळ्यात सरकतं आणि त्याची लांबीच मागच्याला अडवते. काडतूस आखूड असेल तर मागच्याची कड आत डोकावते आणि ठोकळा वर येताना ती अडकते. लांब असेल तर ते स्वतःच पूर्ण आत येत नाही. दोन्ही वेळी लिव्हर अर्ध्यावर ठप्प. अशा वेळी जोर लावायचा नाही. म्हणून दहा डमी काडतुसं (पावडर नाही, प्रायमर नाही) एका लांबीला बनवा, रायफलीतून चालवून बघा, दोन-चार लांब्या करून बघा. जी लांबी दहाच्या दहा सुरळीत जाईल ती कॅलिपरने मोजून डायवर (बुलेट बसवायच्या साच्यावर) कायमची बसवा. आणि बुलेटचं नाक चपटं हवं. ट्यूबमध्ये एकाचं नाक पुढच्याच्या प्रायमरला टेकलेलं असतं.

घोड्याच्या स्प्रिंगा हलक्या करून घेतल्यात तर प्रायमर फेडरलचेच वापरा. ते मऊ असतात. बाकीच्यांवर हलका घोडा नुसता टिचकी मारतो.

---

प्रेषक: चँडलरकर

काका, मेसाकर, आभार. यादी फाडली. आता प्रत्यक्ष मैदानावर काय होतं ते सांगाल का? व्हिडिओत सगळं वीस सेकंदांत संपतं, काही कळत नाही.

---

प्रेषक: ग्लेनडेलकर

वीस सेकंदांत संपतं कारण त्या माणसाने तेच हजारो वेळा केलेलं असतं. नवख्याला मिनिट-दीड मिनिट लागलं तरी कुणी काही म्हणत नाही.

एका स्टेजला (मॅचच्या एका टप्प्याला) साधारण रिव्हॉल्व्हरचे दहा बार (दोन्ही मिळून), रायफलीचे दहा आणि शॉटगनचे चार किंवा जास्त. आधी लोडिंग टेबल. रिव्हॉल्व्हरला घरं सहा, पण काडतुसं पाचच, आणि घोडा रिकाम्या घरावर टेकलेला. पद्धत अशी: एक भरा, एक सोडा, पुढची चार भरा, घोडा पूर्ण मागे ओढा, हळूच खाली सोडा. तो आपोआप सोडलेल्या घरावर येतो. तरी बाजूने डोकावून खात्री करायची, टेबलावरचा माणूसही बघतो. कोल्ट पद्धतीच्या नकलेत घोडा अर्ध्यावर आणल्याशिवाय सिलिंडर फिरत नाही. रूगर वाकेरो या रिव्हॉल्व्हरमध्ये काडतूस भरायचं फाटक उघडलं की फिरतं. रूगरमध्ये सहाही भरून चालेल अशी यंत्रणा आहे, पण नियम तिलाही पाचाचाच. रायफलीत दहा ट्यूबमध्ये, चेंबर (बार उडतो ते घर) रिकामं, घोडा खाली. शॉटगन रिकामी न्यायची, काडतुसं पट्ट्यात. ती घड्याळ सुरू झाल्यावरच भरायची, एका वेळी दोन.

मग प्लेटा कोणत्या क्रमाने मारायच्या ते वाचून दाखवतात. नेवाडा स्वीप म्हटलं की तीन प्लेटांवर १-२-३-२-१-२-३-२-१-२. टोकाच्या प्लेटवरून परत फिरताना तिला दुसऱ्यांदा मारायची नाही. नवखा नेमका तिथेच ३-३ मारतो, आणि क्रम चुकल्याचे दहा सेकंद बसतात. गोळी हुकली तर पाच सेकंद. हुकलेल्या गोळीमुळे क्रम चुकला असं मात्र धरत नाहीत, पुढच्या प्लेटवर जात राहायचं. हुकलेली पुन्हा मारायला गेलात की हिशोबच विस्कटतो.

हिशोब करून बघा. एकाने ३४ सेकंद घेतले आणि दोन हुकवल्या: ४४. दुसऱ्याने सावकाश ४२ घेतले, एकही नाही हुकवली: ४२. पहिलं वर्ष दुसऱ्यासारखं खेळायचं.

सेकंदांचा दंड परवडतो, बाकीचा नाही. नळी समोरच्या १७० अंशांबाहेर गेली की ती स्टेज बाद. घोड्याखाली काडतूस सापडलं तरी तेच. रिकामी बंदूक हातातून पडली तर स्टेज बाद, भरलेली पडली तर अख्खी मॅच बाद आणि सामान आवरायचं. पडत असलेली बंदूक झेलायला जाऊ नका. रायफल खाली ठेवताना तिच्या चेंबरमध्ये रिकामी पुंगळी राहिली तर दहा सेकंद, म्हणून दहावा बार झाला की लिव्हर पूर्ण उघडी ठेवून रायफल टेकवायची. उजव्या हाताचा माणूस रिव्हॉल्व्हर डाव्या होल्स्टरमध्ये परत घालताना अंगावरून हात आडवा नेतो आणि नळी शेजाऱ्याकडे वळते. १७० अंश बहुधा तिथेच मोडतात. घरी आरशासमोर रिकाम्या रिव्हॉल्व्हरने याची शंभर वेळा तालीम करा, नेमबाजीची नंतर.

बंदूक बिघडली तर नळी समोर धरून टेबलावर ठेवा, ‘बिघडली’ म्हणा आणि पुढची उचला. तिच्यात राहिलेले बार हुकलेले धरतात, बस.

---

प्रेषक: टेंपीकर

काका, मधेच बोलते, कारण सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न चँडलरकरांच्या पहिल्या पत्राच्या शेवटच्या ओळीत होता.

> बघायला आणखी दहाबारा जण येतील. दोघांचे आईवडील सध्या इकडेच आहेत, तेही.

बघायला खुशाल या. पण एच-१बी, एच-४, एफ-१, बी-२ अशा कुठल्याही नॉन-इमिग्रंट व्हिसावर आलेल्या माणसाने बंदूक किंवा दारूगोळा जवळ बाळगणं हा फेडरल गुन्हा आहे. कलम ९२२. ‘फक्त एक बार मारून बघ’ म्हणून हातात दिलेली मित्राची बंदूकही त्यात येते, रेंजची भाड्याचीही. ग्रीन कार्डवाल्यांना हे बंधन नाही. अपवादांतला नेहमी वापरला जाणारा म्हणजे कुठल्यातरी राज्याचा चालू शिकार परवाना. परवाना खिशात असल्याशिवाय हात लावू नये, आणि ग्रीन कार्डचा अर्ज चालू असेल तर आधी वकिलाला विचारावं. एका दुपारच्या हौसेसाठी इमिग्रेशनची फाइल पणाला लावू नका.

हौशी मंडळींकडून हमखास होणारी चूक पुंगळ्यांची. स्टेज संपली की जमिनीवरच्या रिकाम्या पुंगळ्या वेचून मालकाला द्यायची इथे पद्धत आहे, आणि आपली माणसं मदतीला धावतातच. पण त्या कायद्यातल्या ‘दारूगोळा’ शब्दाच्या व्याख्येत पुंगळी, प्रायमर, बुलेट आणि पावडर सुटीसुटीसुद्धा येतात. तेव्हा वर सांगितलेल्या व्हिसावाल्यांनी वेचायच्याही नाहीत, आठवण म्हणून खिशात टाकायच्या तर मुळीच नाहीत.

आणि रेंजवर नेलेली सॅक भारतवारीला वापरू नये. तळाच्या शिवणीत एक .३८ राहून गेलेलं असतं आणि ते मुंबई विमानतळाच्या स्कॅनरवर दिसतं. तिथे शस्त्र कायदा १९५९ चा आहे आणि ‘चुकून राहिलं’ हे आधी पोलिसांना पटवावं लागतं.

---

प्रेषक: ग्लेनडेलकर

टेंपीकर ताई, हे लिहिलंत ते उत्तम. मग पाहुण्यांना दोन कामं देऊ, दोन्हींत बंदूक नाही: शॉटगनची पडलेली पाटी उभी करणं आणि गुण लिहिणं. पाटी उभी करायला रेंज बंद झाल्याचं ऐकल्यावरच पुढे जायचं. मोजणीदार (गोळी लागली की हुकली ते बघणारे) तीन लागतात आणि तिघांपैकी दोघांचं मत धरतात. पण ते काम पहिल्या दिवशी नको. त्याचा नियम लक्षात ठेवा: हुकली असं वाटलं तर लागली, हुकली हे डोळ्यांनी दिसलं तरच हुकली.

चष्मा सगळ्यांना सक्तीचा, बघ्यांनाही, आणि कानात बोळे. शिशाचे कण प्लेटवरून फुटून मागे येतात. प्लेट वरून थोडी पुढे झुकवलेली असते म्हणून बहुतेक खाली जमिनीत जातात, बहुतेक. घरी आल्यावर हात गार पाण्याने आणि साबणाने धुवा, मग चहा. तिथे बसून तळहातावर तंबाखू मळणाऱ्यांनी ही ओळ दोनदा वाचावी.

कपडे: पूर्ण बाह्यांचा कॉलरचा शर्ट, जीन्स, चामड्याचे बूट, हॅट. टी-शर्ट, बेसबॉल कॅप, स्पोर्ट्स शूज नाहीत. पहिल्यांदा येणाऱ्याला बहुतेक क्लब सांभाळून घेतात. फेटा चालेल का असं विचारणार असाल तर काळ १९ व्या शतकाचा आहे, तेव्हा मला हरकत दिसत नाही. क्लबला विचारा.

पहिल्या मॅचला काहीच विकत घेऊ नका. क्लबला आधी कळवा, तिथले लोक स्वतःच्या चारही बंदुका आणि पट्टा हातात देतात. शक्य झालं तर फेब्रुवारीत बेन एव्हरी रेंजवर ‘विंटर रेंज’ ही मॅच बघून या. राष्ट्रीय स्पर्धा आहे आणि फिनिक्समध्ये राहून ती न बघणं म्हणजे पंढरपुरात राहून वारी चुकवणं. पुढे स्वतःचं सामान झालं की सहा स्टेजना १२० काडतुसं लागतात, १५० न्या. शॉटगनची ५० पुरतात.

---

प्रेषक: चँडलरकर

शेवटचं एक. अलायस (खेळातलं टोपणनाव) घ्यावं लागतं म्हणे, आणि ते दुसऱ्या कुणाचं नसलं पाहिजे. आपली इथलीच नावं चालतील का?

---

प्रेषक: मेसाकर

सदस्य होताना एसएएसएसकडे (सिंगल ॲक्शन शूटिंग सोसायटी, या खेळाची संघटना) नोंदवायचं असतं, आधी कुणी घेतलेलं नसेल तर मिळतं. ‘चँडलरकर’ अजून कुणी घेतलं नसावं. पण टाइमरवाल्याला ते पुकारता आलं पाहिजे, तेव्हा फॉर्मवर उच्चार फोडून लिहा.