मक्याला बायोचार आणि खत एकत्र: फायद्याचं का नुसतीच मेहनत?

माणचा_मकावाला: मंडळी, पाच गुंठ्यांत करून बघितलंय म्हणून लिहितोय. आमचं रान मुरमाड, वीतभर माती अन् खाली मुरूम, टाकलेला युरिया एका जोराच्या पावसात वाहून जातो. गेल्या वर्षी वेड्या बाभळीचा कोळसा, म्हणजे कमी हवेत जाळून केलेला बायोचार, कोरडाच सरीत टाकला अन् महिन्याच्या आत मका पिवळा पडला, खालच्या पानांवर शेंड्यापासून मधल्या शिरेनं आत जाणारा पिवळा पट्टा. कोळशानंच नत्र (नायट्रोजन) धरून ठेवलं होतं. औंदा तोच कोळसा शेणस्लरीत पंधरा दिवस भिजवून मग टाकला आणि युरिया नेहमीसारखा तीन हप्त्यांत दिला. एक ताट उपटून बघितलं तर बारीक मुळ्या कोळशाच्या खड्यांना अशा धरलेल्या की झटकून सुटेनात. पावसानं ओढ दिली तेव्हा शेजारच्या पट्ट्यातली पानं अकरालाच सुरळी व्हायची, इथली दोन वाजेपर्यंत ताठ. हलक्या रानात कोळसा अन् खत जोडीनंच द्या, नुसता कोळसा नको.

कृष्णाकाठ_पलूस: दादा, तुमच्या मुरमाला चालेल, पण वाचून आमच्यासारखी काळ्या रानातली पोरं पण मागं लागतील म्हणून बोलतो. आमची जमीन चुनखडीची, सामू (pH) आधीच 8 च्या वर, म्हणजे अल्कधर्मी, अन् कोळसा स्वतःही तसाच. याचे चांगले रिझल्ट जास्त करून उष्ण भागातल्या आम्लधर्मी, झिजलेल्या जमिनीत आलेत. आणि हिशोब बघा, प्रयोगात हेक्टरी 10 टन वापरतात म्हणजे गुंठ्याला 100 किलो, एकराला 4 टन. वाळल्या मालाचा पाव ते तिसरा हिस्साच कोळसा होतो, मग एकरामागं 12 ते 16 टन काडीकचरा आणायचा कुठनं? पाचट कुजवलं तर तेवढ्यात रानाचं भलं होतं की.

माणचा_मकावाला: एकरभर पसरतंय कोण भाऊ! फक्त ओळीखाली टाकला, पाच गुंठ्याला दीड क्विंटल, अन् तो वर्षानुवर्षं मातीत राहतो, दरसाल घालायचा नाही. बाभूळ तर बांधावर फुकट माजलीय.

पाटणकरीण: आमची लाल आम्लधर्मी जमीन, त्यामुळं मी दादांच्या बाजूनं. पण एक हात जोडून सांगते, ताजा कोळसा अन् युरिया कालवून ढीग लावू नका. आम्ही लावलेला, दुसऱ्या दिवशी ताडपत्री उचलली तर अमोनियाच्या वासानं डोळ्यांतून पाणी, म्हणजे विकत आणलेलं नत्र हवेत गेलं. स्लरीतच भिजवा, युरिया नंतर मुळाशी देऊन मातीनं झाका. आणि कोळसा करताना वरचा थर पांढरा दिसायला लागला की लगेच पुढचा थर टाकायचा, शेवटी भरपूर पाणी मारायचं, नाहीतर सकाळी नुसती राख.

कृष्णाकाठ_पलूस: ताई, हे कामाचं सांगितलंत. दादा, तुम्हाला एकच विचारतो, नुसत्या शेणस्लरीचा पट्टा ठेवला होता का? नसेल तर फायदा कोळशाचा का शेणाचा हे कळणार कसं? आणि कणसं काट्यावर घातली का?

माणचा_मकावाला: नाही ठेवला, अन् वजनही नाही केलं, ही चूक मान्य. येत्या खरिपाला एकाच रानात चार पट्टे पाडतो: नुसतं खत, खत अन् स्लरी, खत अन् कोरडा कोळसा, खत अन् भिजवलेला कोळसा. युरिया चारीला सारखाच, अन् दाणे वाळवून मगच काट्यावर. मळणीच्या दिवशी पलूसवरनं या भाऊ, काटा तुम्हीच धरा.